झाडू, जातं आणि पाटी : कर्मवीर भाऊराव पाटील यांची जीवनशाळा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तथागतांवर, प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर, महात्मा फुल्यांवर आणि शाहू महाराजांवर लेख असतात. ते असायलाच हवेत. या खेपेला मात्र जन्माने जैन आणि विचाराने सत्यशोधक असलेल्या एका माणसाचं चरित्र सांगायचं आहे. कारण असं की, गेली काही वर्षं आपल्या वस्तीतल्या आई-बापांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते. पोरगं हुशार आहे, मार्क चांगले पडतात, पण जरा काही मनाविरुद्ध झालं की खचतं. एका विषयात नापास झालं की दार लावून बसतं. चहा करता येत नाही, बँकेत स्लिप भरता येत नाही, चारचौघांत उभं राहून बोलता येत नाही. शाळेने सगळं शिकवलं, जगायचं तेवढं राहून गेलं.

हल्ली याला जीवनकौशल्ये म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी केली. निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, ताण सोसणे, दुसऱ्याचं मन ओळखणे वगैरे. यादी चांगलीच आहे. पण आपल्या साताऱ्यात एका दाढीवाल्या, खादीवाल्या माणसाने ही कौशल्ये त्याच्या कितीतरी वर्षं आधी शेकडो गरीब मुलांच्या अंगी मुरवली होती, आणि त्यासाठी वेगळा तासही ठेवला नव्हता. त्या माणसाचं नाव कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील.

बालपण आणि बंडखोरी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज या गावी, आजोळी झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. वडील पायगोंडा हे सरकारी खात्यात कारकून, आईचं नाव गंगाबाई. बाबासाहेब १८९१ चे, म्हणजे भाऊराव त्यांच्यापेक्षा साधारण चार वर्षांनी मोठे. आणखी एक योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बाबासाहेबांचं बालपण ज्या साताऱ्यात गेलं, जिथे माता भीमाबाईंनी १८९६ साली देह ठेवला, तेच सातारा पुढे भाऊरावांची कर्मभूमी झालं.

पोरगं लहानपणापासून आडदांड. पोहणं, कुस्ती, हुंदडणं यात पटाईत, अभ्यासात यथातथा. विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोराने विहिरीचा राहाटच मोडून टाकला, अशी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगतात. आम्हाला पाणी आणि त्यांना नाही, हे काही त्याच्या डोक्यात बसेना.

पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवलं. राजाराम हायस्कुलात नाव घातलं आणि जैन बोर्डिंगात राहायची सोय झाली. कोल्हापूरचे ते दिवस शाहू महाराजांचे. महाराजांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायचा सपाटा लावला होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगातल्या नियमाप्रमाणे त्यांना आंघोळ करून मगच जेवायला बसा असं सांगण्यात आलं. भाऊरावांनी साफ नकार दिला. माणसांत जाऊन आलो त्यात विटाळ कसला, एवढाच त्यांचा मुद्दा. परिणाम काय व्हायचा तोच झाला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराने एका आंघोळीपायी डोक्यावरचं छप्पर गमावलं, पण आंघोळ केली नाही. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला.

अभ्यासात काही गाडी पुढे सरकेना. इंग्रजी सहावीच्या वर्गात ते अडकले. महाराजांनी शब्द टाकूनही गणिताच्या मास्तरांनी त्यांना वरच्या वर्गात ढकलायला नकार दिला, हा मुलगा बसतो तो बाक एक वेळ वर चढवीन पण याला चढवणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले, असं सांगतात. भाऊरावांचं शिक्षण तिथेच थांबलं. नंतरच्या काळात शेकडो शाळा उघडणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही नव्हता. नापास झालेल्या पोरांच्या आई-बापांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. नापास होणं चांगलं, असा तिचा अर्थ नाही. नापास झाल्याने माणूस संपत नाही, एवढाच आहे.

बाहेर बसलेला मुलगा

त्याच दिवसांतली एक हकीकत आपल्या लोकांना विशेष जवळची वाटेल. इस्लामपूरला शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकणारा एक महार मुलगा भाऊरावांच्या नजरेला पडला. आत बाकीची मुलं, बाहेर हा एकटा. भाऊरावांनी त्याला हाताला धरलं, आपल्या घरी नेलं आणि मग कोल्हापूरच्या मिस क्लार्क होस्टेलात दाखल केलं. त्या मुलाचं नाव ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. हाच मुलगा शिकून मोठा झाला, बाबासाहेबांच्या 'मूकनायक' पाक्षिकाचं संपादकपद त्याने सांभाळलं आणि मुंबई कायदे कौन्सिलात सातारा भागातून सभासद म्हणून तो गेला.

म्हणजे वर्गाबाहेर बसवलेलं पोरगं कायदे करणाऱ्या सभागृहात जाऊन बसलं. यात भाऊरावांनी काय केलं? दार उघडून दिलं. आत चालत गेले ते घोलपच. हा फरक आपण विसरू नये. कुणी कुणाचा उद्धार करत नसतो, हे तथागतांनीही सांगितलेलं आहे आणि बाबासाहेबांनीही. वाट दाखवणारा वाट दाखवतो, चालावं ज्याचं त्याने.

तुरुंगातले काळे दिवस

शिक्षण सुटल्यावर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास काही मित्रांबरोबर दूधगावला विद्यार्थी आश्रम काढला, त्यात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवली.

१९१४ साली कोल्हापुरात सम्राटाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण गाजलं. त्यात भाऊराव अडकले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आणण्यात आलं. आता गंमत अशी, की हेच लठ्ठे जैन बोर्डिंगचे प्रमुख होते. ज्यांच्या बोर्डिंगातून आपण बाहेर पडलो त्यांच्यावर सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. मारहाण, तुरुंग, छळ सगळं सोसलं. पण सोसण्यालाही एक मर्यादा असते. त्या दिवसांत ते इतके खचले की आपला जीव नकोसा होण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती.

ही गोष्ट त्यांच्या गौरवाच्या भाषणांत सहसा सांगत नाहीत. मला वाटतं सांगायला हवी, मुलांनाही सांगायला हवी. दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या वाचून आपल्या काळजात धस्स होतं. पहाडासारख्या भाऊरावांनाही एकदा असा अंधार दिसला होता. त्या अंधारातून ते बाहेर आले आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं जगले. रयत शिक्षण संस्था, ती वसतिगृहं, त्या शाळा, ती हजारो पोरं हे सगळं त्या काळ्या दिवसांच्या नंतरचं आहे. ते दिवस ओलांडले नसते तर यातलं काहीच झालं नसतं. आपलं मूल गप्प गप्प राहू लागलं तर त्याला एकटं सोडू नका, रागावू नका, आधी शेजारी बसा आणि त्याचं ऐकून घ्या, हा यातून घ्यायचा धडा.

विजयादशमीचा दिवस

तुरुंगातून सुटल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री केली. पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्यातही ते होते, मतभेद झाल्यावर तिथून बाहेर पडले. पण नांगर विकता विकता त्यांनी खेडोपाडी पायपीट केली, आणि त्या पायपिटीत त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं. शेतकऱ्याला हिशेब येत नाही, कागद वाचता येत नाही, सावकार सांगेल तिथे अंगठा. नुसता नांगर सुधारून भागणार नाही, माणूस शिकला पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतलं. महात्मा फुल्यांनी हेच तर सांगून ठेवलं होतं, आणि भाऊराव सत्यशोधक समाजाचं काम करतच होते.

१९१९ साली कराड तालुक्यातल्या काले या गावी ४ ऑक्टोबर रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. तो दिवस विजयादशमीचा होता. त्यानंतर ३७ वर्षांनी, १९५६ साली, अशोक विजयादशमीलाच बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. या दोन घटनांचा संबंध जोडायचा नाही, पण आपल्या घरात दसऱ्याला मुलांना काय सांगावं असा प्रश्न पडला तर दोन्ही गोष्टी सांगायला हरकत नाही.

१९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं. त्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि तिने सोलापूरला १९२५ मध्ये वसतिगृह काढलं. एकीकडे मुंबईत बाबासाहेब, एकीकडे साताऱ्यात भाऊराव. दोघांनीही ओळखलं होतं की, गरिबाच्या पोराला शाळा मिळून उपयोग नाही, त्याला आधी राहायला जागा आणि खायला भाकरी हवी.

बोर्डिंगातला दिवस

साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एका छपराखाली राहत. एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. तारीख नीट पाहा. त्यानंतर महिना उलटायच्या आत, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं आणि त्यापायी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. सगळा मुलूख पाण्याला विटाळ मानत होता त्या काळात या बोर्डिंगातली पोरं एकत्र पाणी पीत होती, एकत्र भाकरी खात होती. हे सोपं नव्हतं बरं का. बाहेरून टीका होत होती, शिव्याशाप मिळत होते.

आता तिथला कारभार ऐका. नोकर-चाकर नाहीत. धान्य मुलांनी घरून आणायचं, ज्याला जमेल तेवढं. गावोगावच्या बायका दळायला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवत, तो मुष्टिफंड गोळा करून आणायचा. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, पाणी, सरपण ही सगळी कामं मुलांनीच पाळीपाळीने करायची. बागेत आणि शेतात राबायचं. माळरानाचे दगडधोंडे फोडून जमीन कसायची. आणि हे सगळं करून शाळा, अभ्यास.

एका पोराच्या अंगाने हा दिवस पाहू. आज त्याची पाळी स्वयंपाकाची. म्हणजे किती डोकी जेवायला आहेत हे त्याने मोजायचं, पीठ किती लागेल याचा अंदाज करायचा, आणि पीठ कमी असेल तर आहे त्यात सगळ्यांना कसं पुरवायचं हे ठरवायचं. झालं गणित. भाकरी करपली तर चाळीस पोरांच्या नजरा सोसायच्या आणि उद्या पुन्हा चुलीपुढे बसायचं. झाला ताण सोसण्याचा धडा. शेजारचा पोरगा वेगळ्या जातीचा, त्याची बोली वेगळी, त्याच्या सवयी वेगळ्या, पण काम दोघांनी मिळून करायचं. झाला सहजीवनाचा धडा. एखादा तापाने फणफणला तर त्याचं अंग पुसायचं, उशाशी बसायचं. ती करुणा. अशी दहाच्या दहा कौशल्ये एका दिवसात येत होती, आणि पोरांना वाटायचं आपण फक्त काम करतोय.

लक्ष्मीबाई

ही कथा लक्ष्मीबाईंना सोडून सांगता येत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सधन घरातल्या, अंगावर भरपूर सोनं घेऊन आलेल्या. जुन्या वळणाच्या, सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. महार-मांगांची पोरं घरात वावरू लागली तेव्हा त्यांनाही ते जड गेलं. पण त्या बदलल्या. पोरांच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून आजाऱ्याची सेवा करण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. बोर्डिंगात धान्य संपलं की एक एक दागिना बाहेर पडे. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या.

माणूस बदलतो याचं याहून मोठं उदाहरण कुठलं? भाऊराव लहानपणापासूनच बंडखोर होते. लक्ष्मीबाईंनी मात्र आपल्या आतल्या जुन्या संस्काराशी झगडून त्यावर मात केली. आपल्या धम्मात ज्याला चित्ताची शुद्धी म्हणतात ती हीच. भाऊरावांच्या नावाच्या शेजारी त्यांचं नाव घ्यायला आपण विसरतो, तेवढं विसरू नये.

श्रम कुणाचे आणि कशासाठी?

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यातले वडीलधारे इथे एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारायलाच हवा. झाडू, शेण, दगड, लाकडं हे तर आपल्या वाडवडिलांच्या नशिबी पिढ्यान् पिढ्या मारलेलं होतं. गावकीची कामं, वेठबिगार, मेलेली ढोरं ओढणं यातून बाबासाहेबांनी आपल्याला ओढून बाहेर काढलं. शाळेतही वर्ग झाडायला आपल्याच पोरांना सांगत. मग आज पुन्हा आपल्या पोरांच्या हातात झाडू कशाला द्यायचा? त्यांना पुस्तक द्या, कॉम्प्युटर द्या.

प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच भाऊरावांच्या बोर्डिंगातला झाडू आणि गावकीतला झाडू यातला फरक नीट समजून घेतला पाहिजे. गावकीतला झाडू जन्माने हातात येत होता आणि मरेपर्यंत सुटत नव्हता. बोर्डिंगातला झाडू पाळीने येत होता. आज महाराच्या पोराच्या हातात, उद्या पाटलाच्या पोराच्या हातात, परवा मुसलमानाच्या. गावकीतल्या कामाचा मोबदला म्हणजे शिळी भाकर आणि वर अपमान. बोर्डिंगातल्या कामाचा मोबदला म्हणजे शिक्षण. गावकीतलं काम केल्याने माणूस खालचा ठरत होता. बोर्डिंगात ते सगळ्यांनीच करायचं असल्याने खालचा कुणी उरतच नव्हता. काम तेच, पण वाटणी बदलली आणि त्याबरोबर कामाचा अर्थच बदलला. जातीने लादलेलं काम माणसाला मोडतं. आपणहून, सर्वांबरोबर, पाळीने केलेलं काम माणसाला घडवतं.

ज्या शाळेत आजही एखाद्याच जातीच्या किंवा एखाद्याच गरीब मुलाला झाडायला लावत असतील तिथे पालकांनी जाऊन जाब विचारावा. तो स्वावलंबनाचा धडा नव्हे, ती जुनीच वेठ. पण जिथे मुख्याध्यापकाच्या मुलापासून सगळ्यांची पाळी लागते तिथे आपल्या मुलाला मागे ओढू नये.

पुणे करार आणि युनियन बोर्डिंग

२४ सप्टेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. त्या कराराने आपलं काय गेलं आणि काय राहिलं याची चर्चा आपल्यात आजही होते. पण त्या कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी १९३२ सालीच पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कागदावरची एकी त्यांना पुरेशी वाटत नव्हती. सह्या झाल्या, आता पोरं एकत्र जेवू द्या, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

मग १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. शाळा काढायच्या तर खेड्यात राहणारा, खेड्याची लाज न वाटणारा मास्तर हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. तिथून तयार झालेले मास्तर डोंगरदऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवर गेले आणि व्हॉलंटरी शाळा उघडत गेले. ज्या गावाला सरकारची शाळा पोचली नव्हती तिथे या शाळा पोचल्या.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. इथे राहणं मोफत, शिकणं मोफत, पण मुलांनी अंगमेहनत करून खर्चाला हातभार लावायचा. कमवा आणि शिका या योजनेचं हे घर. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही पोरं खडी फोडून, रस्त्यावर आणि शेतात राबून पदवीधर झाली. त्यांच्या हाताखाली वाढलेले पी. जी. पाटील गरिबीतून बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत जी कमवा व शिका योजना चालते ती इथली देणगी आहे.

अनुदान बंद आणि गाडगेबाबांचा झाडू

स्वातंत्र्य मिळालं म्हणून भाऊरावांच्या अडचणी संपल्या नाहीत. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली मुंबई सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री. हजारो पोरांचं जेवण आणि मास्तरांचे पगार टांगणीला लागले. दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता नाहीतर शाळा बंद करून घरी बसला असता. भाऊरावांनी दोन्ही केलं नाही. ते लोकांकडे गेले. लोकांनी दिलं. ज्यांच्या पोरांसाठी हे चाललं होतं त्यांनीच ते तगवलं. शेवटी संत गाडगेबाबांनी खेरांकडे रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झालं.

गाडगेबाबा म्हटलं की हातातला झाडू आठवतोच. तोही जातीने दिलेला झाडू नव्हता, आपणहून उचललेला होता. पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देणारे हेच गाडगेबाबा, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, जग सोडून गेलेलेही हेच. त्यांच्या नावाने भाऊरावांनी १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज काढलं. मॅट्रिक नसलेल्या माणसाने अक्षरशत्रू संताच्या नावाने कॉलेज काढावं, हे फक्त आपल्या महाराष्ट्रातच घडू शकतं!

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली. सहावीच्या वर्गात अडकलेला तो पोरगा आता डॉक्टर झाला होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहं आणि शंभराच्या वर माध्यमिक शाळा चालू होत्या.

आपण काय करावं?

चरित्र वाचलं आणि स्मरणिका कपाटात ठेवली, असं होऊ नये. आपल्याला बोर्डिंग काढता येणार नाही, माळरान फोडायलाही जागा नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणारी आपण माणसं. पण चार गोष्टी करता येतील.

एक, घरातली कामं पाळीने लावा, आणि पाळी मुलग्यांनाही लावा. मुलगी भाकरी करते आणि मुलगा मोबाईल बघत लोळतो, ही पण एक गावकीच आहे, घरातली. भाऊरावांच्या बोर्डिंगात पाटलांच्या पोरांनी भाकऱ्या थापल्या, त्यांचं काही बिघडलं नाही.

दोन, महिन्याच्या घरखर्चाचा हिशेब मुलांसमोर करा. पगार किती, भाडं किती, दवाखाना किती हे त्यांना कळू द्या. गरिबी लपवल्याने मुलं सुखी होत नाहीत, बेसावध होतात.

तीन, विहारात रविवारी वंदनेनंतर जी मुलं जमतात त्यांच्यावरच सतरंज्या घालणं, झाडणं, पाणी भरणं, वाचनालयाची वही लिहिणं आणि वर्गणीचा हिशेब मांडणं सोपवा. पाळी ठरवून द्या आणि एकदा सोपवलं की मध्ये बोलू नका. चुकतील, चुकू द्या. पुढच्या रविवारी त्यांनीच उभं राहून काय चुकलं ते सांगावं. चारचौघांत बोलणं असंच येतं.

चार, जो नापास झाला त्याला विहारात बोलवा. पास झालेल्यांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, हार घालतो, वह्या वाटतो. करावेतच. पण त्याच कार्यक्रमात नापास झालेल्या पोराच्या घरी कोण जाणार, त्याला पुरवणी परीक्षेला कोण बसवणार, हेही ठरलं पाहिजे. सहावीत अडकलेल्या एका पोराला शाहू महाराजांनी आसरा दिला म्हणून पुढचं सगळं घडलं, हे आपण आत्ताच वाचलं.

आपला आधार आपणच व्हावं, ही तथागतांची शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा ही बाबासाहेबांची शिकवण भिंतीवर लिहिलेली असते. भाऊरावांनी हेच बोर्डिंगातल्या जात्यावर, चुलीवर आणि झाडूवर शिकवलं. झाडू हातात घेणारा हात आणि पाटी हातात घेणारा हात एकच असला, आणि तो सगळ्या जातींचा असला, की त्या हाताला कुणी सहजासहजी मोडू शकत नाही.

अशा या कर्मवीरांना आणि माता लक्ष्मीबाईंना आपल्या विहारातर्फे विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!